मूल कोणाचे? 'आपका बंटी' आणि ताब्याची भाषा

मराठी न्यायव्यवहारात 'ताबा' हा एकच शब्द शेतजमिनीला, भाड्याच्या खोलीला आणि मुलाला लागतो. जमिनीचा ताबा मिळतो, जागेचा ताबा सुटतो आणि पतिपत्नी विभक्त झाली की मुलाचा ताबा दोघांपैकी एकाकडे जातो. विवाहविच्छेदासाठी आपल्याकडे असलेले इतर शब्दही असेच बोलके आहेत. काडीमोड पंचांसमोर काडी मोडून होई. सोडचिठ्ठी हातात पडे. 'फारकत' हा शब्द मुळात देण्याघेण्यातून मोकळे झाल्याचे लिहून देण्याचा. शिष्ट मराठीने स्वीकारलेला 'घटस्फोट' तर धर्मशास्त्रातील बहिष्काराच्या विधीतून आलेला आहे. पतिताच्या नावाने घट फोडून त्याला ज्ञातीबाहेर काढीत असत. 'पोटगी'त पोट आहे. आणि वयात न आलेल्या मुलाला आपली कायद्याची मराठी 'अज्ञान' म्हणते. सातबाराच्या उताऱ्यावर अशा वारसाच्या नावाबरोबर 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद अनेकांनी पाहिली असेल.

मालमत्ता, ऋण, बहिष्कार आणि उदरभरण यांच्या या परिभाषेत मुलाच्या स्वतःच्या म्हणण्याला जागा नाही. ते कोणाचे आहे हे ठरते. ते काय जाणते हे कोणी विचारीत नाही. कायद्याने अज्ञान ठरविलेल्या या व्यक्तीला नेमके काय काय ठाऊक असते, याचा शोध घेण्याचे काम मग साहित्याकडे येते. भारतीय भाषांतील ज्या थोड्या कादंबऱ्यांनी हे काम निष्ठेने केले आहे, त्यांत मन्नू भंडारी (१९३१–२०२१) यांच्या 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीचा क्रम फार वरचा आहे. मुंबईहून निघणाऱ्या 'धर्मयुग' साप्ताहिकातून ती प्रथम क्रमशः आली आणि १९७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. 'धर्मयुग' महाराष्ट्रातही आवडीने वाचले जाई, त्यामुळे मराठी वाचकाला ही कादंबरी पूर्णपणे परकी कधीच नव्हती. तथापि तिच्याविषयीची आपली चर्चा बहुधा एका प्रश्नाभोवती फिरत राहिली: शकुनने दुसरे लग्न करावयास हवे होते काय? हा प्रश्न कादंबरीने विचारलेला नाही, वाचकाने तिच्यावर लादलेला आहे, आणि तसे करताना वाचक स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

१

कथानक थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. शकुन ही मुलींच्या महाविद्यालयाची प्राचार्या. तिचा नवरा अजय कलकत्त्यास नोकरी करतो. दोघे सात वर्षांपासून वेगळी राहत आहेत. आठ-नऊ वर्षांचा मुलगा बंटी, शाळेतले नाव अरूप बत्रा, आईपाशी असतो. घरात त्याला सांभाळणारी फूफी आहे, बागेत माळी आहे आणि त्याने जिवापाड जपलेली रोपे आहेत. दोन्ही बाजूंचे हित पाहणारे वकीलचाचा अधूनमधून येतात आणि अजयच्या वतीने रीतसर विच्छेदाचा प्रस्ताव मांडतात. सह्या होतात. पुढे शकुन डॉक्टर जोशी या विधुराशी लग्न करते. त्यांची जोत आणि अमी ही दोन मुले आहेत. डॉक्टरांच्या घरात बंटी रुजत नाही. तो कलकत्त्याला वडिलांकडे पाठविला जातो. तेथे मीरा आहे, तिचे तान्हे मूल आहे. तेथेही तो सामावत नाही. अखेरीस वडील त्याला वसतिगृहात पोहोचविण्यास निघतात आणि आगगाडीच्या त्या प्रवासात कादंबरी संपते.

या कथेत न्यायालयाला किती अल्प जागा आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, निकालपत्र यांपैकी कशालाही येथे नाट्याचा दर्जा मिळालेला नाही. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात लुटुपुटीचे न्यायालय खऱ्याहून क्रूर होत जाते आणि जन्मास न आलेल्या मुलाविषयीही निवाडा देते. मन्नू भंडारींचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. त्यांच्या कादंबरीत कोणी कोणावर आरोप ठेवीत नाही. सर्वजण समजूतदार आहेत, शिकलेले आहेत, सभ्यपणे बोलतात. मुलाचा प्रश्न पत्रे, निरोप आणि वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने सुटत जातो. आणि तरीही मूल हरवते. दुष्ट पात्र नसलेल्या, खटला न लढविला गेलेल्या प्रकरणात मुलाचे काय होते हे पाहण्यासाठी लेखिकेने हा अवकाश जाणीवपूर्वक मोकळा ठेवला आहे.

ज्या काळात कादंबरी घडते त्या काळचा कायदा ध्यानात घेतला की या मोकळ्या अवकाशाचे महत्त्व अधिक कळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभरातील हिंदूंना विवाहविच्छेदाचा मार्ग खुला केला. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने तो त्याआधीच मिळाला होता. परंतु परस्परसंमतीने विच्छेद हा प्रकार १९५५ च्या कायद्यात नव्हता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तो होता. हिंदू विवाह कायद्यात तो १९७६ च्या दुरुस्तीने, तेरा-ब या कलमाच्या रूपाने आला. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा बहुसंख्य जोडप्यांसमोर एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करण्याचा किंवा न्यायिक फारकतीनंतर वर्षे मोजण्याचाच मार्ग होता. कादंबरी कलमांच्या तपशिलात शिरत नाही. पण 'भांडण नको, सामोपचाराने मिटवू' ही तिच्यातील वडीलधाऱ्यांची भाषा कायद्याच्या पाच वर्षे पुढे होती, आणि त्या भाषेची मर्यादाही तिने आधीच दाखवून ठेवली होती. संमती दोघांची असते. तिसऱ्याची संमती कोणी मागितलेली नसते.

२

मुलाला विचारावे, असे कायद्याला कधीच वाटले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या सतराव्या कलमात, मूल समंजस पसंती सांगण्याइतके मोठे असल्यास न्यायालयाने ती विचारात घ्यावी, अशी तरतूद आहे. हिंदू विवाह कायद्याचे सव्विसावे कलमही मुलांच्या ताब्याचे, पोषणाचे व शिक्षणाचे आदेश शक्य तेथे त्यांच्या इच्छेशी सुसंगत असावेत असे सांगते. प्रत्यक्षात न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावतात, आईवडिलांना बाहेर थांबवितात आणि त्याच्याशी काही वेळ बोलतात. त्या भेटीत मूल जे सांगते त्याची नोंद होते. जे सांगत नाही त्याची होत नाही.

'आपका बंटी'च्या निवेदनतंत्राचे मर्म मला या दालनातील भेटीशी जोडून पाहावेसे वाटते. कादंबरी तृतीयपुरुषी आहे, पण तिची दृष्टी बहुतांशी बंटीच्या जाणिवेला चिकटून राहते. त्याला जे ऐकू येते तेच आपण ऐकतो: दाराआडचे अर्धे वाक्य, मोठ्यांच्या बोलण्यात अचानक आलेला थांबा, शेजारच्या मुलाने सहज विचारलेला प्रश्न. तुकड्यातुकड्यांनी तो विच्छेदाचा अर्थ जुळवीत जातो. त्याला शब्द उशिरा कळतात, पण हवा बदलल्याचे आधी कळते. आईच्या चेहऱ्याचे त्याने केलेले वाचन तर एखाद्या निष्णात टीकाकाराला लाजविणारे आहे. महाविद्यालयात जाताना तिच्यावर चढणारा प्राचार्येचा कठोर चेहरा आणि घरी आल्यावर उरणारा 'ममी'चा चेहरा यांतील अंतर तो ओळखतो, आणि कोणत्या क्षणी कोणता चेहरा समोर आहे याचा अंदाज बांधून वागतो. ज्याला कायदा अज्ञान म्हणतो, त्याचे हे ज्ञान आहे.

हे ज्ञान त्याच्या उपयोगी मात्र पडत नाही. हेन्री जेम्सच्या १८९७ सालच्या 'व्हॉट मेझी न्यू' या कादंबरीशी येथे तुलना सुचते. तेथे कथेच्या आरंभीच विच्छेद झालेला आहे आणि मुलीचे वर्ष आईवडिलांत निम्मे निम्मे वाटून दिलेले आहे. मेझी दोन्ही घरांतील विष एकीकडून दुसरीकडे पोहोचविणारे पात्र बनते, आणि मग एके दिवशी गप्प राहण्याची शक्ती तिला सापडते. तिचे ज्ञान तिला हळूहळू स्वतंत्र करते. शेवटी कोणाबरोबर जायचे हे ती स्वतः सांगते. बंटीला असा क्षण मिळत नाही. डॉक्टरांच्या घरी दुखावलेला बंटी वडिलांकडे जाण्यास तयार होतो, हे खरे. पण या 'तयारी'त इच्छा किती, रोष किती आणि आपल्याला कोणीतरी थांबवावे ही आशा किती, हे वेगळे काढता येत नाही. दालनातील न्यायाधीशाने त्या दिवशी त्याला विचारले असते तर त्याने 'पप्पांकडे' असेच सांगितले असते, आणि ते उत्तर खरे असूनही चुकीचे ठरले असते. मुलाची पसंती विचारणाऱ्याच्या प्रश्नातूनच घडते, हे कायद्याच्या हाती न लागणारे सत्य कादंबरीने शेकडो लहान प्रसंगांतून जमविले आहे.

३

मराठी वाचक या कादंबरीकडे कोऱ्या मनाने येत नाही. त्याच्या मनात 'श्यामची आई' असते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाने मायलेकांच्या नात्याचे जे रूप आपल्या मनावर ठसविले, त्यात आई ही मुलापासून वेगळी अशी व्यक्ती जवळजवळ उरतच नाही. तिची सारी ओळख मुलाला घडविण्यात आहे. त्या मापाने शकुनकडे पाहिले की ती उणी दिसणारच. तिला नोकरीचा मान आहे, एकटेपणाची जाणीव आहे, शरीर आहे, अजयला हरविण्याची ईर्षा आहे. प्राचार्यपदापर्यंतची आपली चढण अजयला काही दाखवून देण्यासाठी होती हे तिला स्वतःला उमगते. बंटीचा आपण त्याच्याविरुद्ध शस्त्रासारखा उपयोग करीत आलो हेही उमगते. हे उमगणे हीच कादंबरीची नैतिक उंची आहे. लेखिकेने शकुनला निर्दोष ठरविले नाही आणि दोषीही ठरविले नाही. तिला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याइतके प्रामाणिक केले.

आपल्या वर्गांतून आणि परीक्षांतून मात्र या साक्षीचा पुरावा बनविला जातो. 'शकुनच्या स्वार्थामुळे बंटीचे जीवन उद्ध्वस्त झाले, चर्चा करा', अशा धाटणीच्या प्रश्नात निकाल आधीच लिहिलेला असतो. अजयनेही दुसरा संसार मांडलेला आहे, किंबहुना आधी मांडलेला आहे. पण त्याच्या पितृत्वावर असा प्रश्न सहसा निघत नाही. या विषमतेला कायद्याचाही जुना आधार आहे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, परंतु त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने पुनर्विवाहित मातेच्या जागी मृत पतीच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याचा अधिकार पित्याकडील नातलगांना दिला. दुसरे लग्न करणारा पिता पालकच राही. दुसरे लग्न करणाऱ्या मातेचे पालकत्व वादाचा विषय होई. शकुन विधवा नाही आणि तिचा काळ शंभराहून अधिक वर्षे पुढचा आहे. पण तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्या नजरेला ही वंशावळ आहे, आणि ती ओळखल्याखेरीज कादंबरीचे वाचन न्याय्य होणार नाही.

कादंबरीतील एका पात्राकडे तर वाचकांनी आणि टीकाकारांनी दोघांनीही दुर्लक्ष केले आहे. ते म्हणजे फूफी. बंटीला न्हाऊमाखू घालणारी, राजाराणीच्या आणि राक्षसिणींच्या गोष्टी सांगणारी, त्याच्यासाठी मालकिणीशीही वाद घालणारी ही वृद्धा शकुनच्या लग्नानंतर घर सोडून हरिद्वारला निघून जाते. बंटीच्या आयुष्यातील पहिली खरी फारकत ही आहे. आईवडिलांचे वेगळे होणे त्याला आठवतही नाही. फूफीचे जाणे त्याच्या देखत होते. तिच्या जाण्याला कोणाची सही लागत नाही, कारण तिचा कोणताही हक्क कोठे लिहिलेला नाही. न्यायकथांच्या जुन्या परंपरेत या हक्काचा विचार झालेला आहे. महाउम्मग्ग जातकात बोधिसत्त्व जमिनीवर रेघ ओढून दोन स्त्रियांना मूल ओढावयास सांगतो आणि जिच्याने ते ओढवत नाही तिला माता ठरवितो. ब्रेख्तने खडूच्या वर्तुळाच्या नाटकात या कथेला वळण दिले: जन्म देणारी मूल ओढते, वाढविणारी मोलकरीण हात सोडते, आणि मूल मोलकरणीला मिळते. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा' या रूपांतरामुळे हा निवाडा मराठी रंगभूमीवरही येऊन गेला आहे. मेझीच्या कथेतही अखेर तिला सांभाळणारी शिक्षिकाच तिच्या वाट्याला येते. 'आपका बंटी'त वर्तुळ आखणारा कोणी नाही. फूफी कोणी न ओढताच हात सोडते. वाढविणाऱ्याला पालक मानण्याची जागा ज्या समाजाच्या नियमांत नाही, तेथे मुलाचे केवढे नुकसान नोंदीवाचून राहते, हे फूफीच्या दोनचार प्रसंगांनी दाखविले आहे.

४

कादंबरीच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. अजय आणि मीरा ही पात्रे शकुनच्या मानाने फिकी आहेत. कलकत्त्याचा भाग घाईने आटोपल्यासारखा वाटतो, आणि पिता म्हणून अजयच्या मनात काय चालले असेल याचा शोध जवळजवळ घेतलेलाच नाही. जोत आणि अमी ही आई गमावलेली मुले आहेत. त्यांच्या घरातही एक परका मुलगा येऊन पडला आहे. त्यांची बाजू बंटीच्या डोळ्यांनीच दिसते, आणि बंटी त्यांच्याकडे न्यायाने पाहू शकत नाही. ही मर्यादा दृष्टिकोनाच्या निवडीतून आलेली आहे, तरी ती मर्यादा आहेच.

अधिक महत्त्वाची गोष्ट पैशाची. शकुन स्वतः मिळवती आहे. तिला राहावयास बंगला आहे, नोकरीत प्रतिष्ठा आहे. पोटगीचा प्रश्न तिच्यापुढे नाही, सासरच्या छपराचा प्रश्न नाही, वकिलाच्या फीचाही नाही. त्यामुळे लेखिकेला ताब्याचा प्रश्न शुद्ध, भावनिक रूपात हाताळता आला. बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला तो असा येत नाही. त्यांच्या बाबतीत मुलाचा ताबा आणि पोटगीची रक्कम एकाच सौद्यात निघतात. 'मूल दे, म्हणजे मोकळी करतो' किंवा 'मूल ठेव, पण काही मागू नकोस' ही वाक्ये न्यायालयाबाहेरच उच्चारली जातात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने, आणि महाराष्ट्रात १९८९ पासून सुरू झालेल्या अशा न्यायालयांनी, समुपदेशकाला मधे आणले आणि वकिलाने उभे राहणे हा हक्क राहू दिला नाही. त्यामागे हे सौदे उघड्यावर यावेत ही एक अपेक्षा होती. या थरातील स्त्रीच्या मुलाची कथा 'आपका बंटी'त नाही. ती नसणे हा दोष म्हणून सांगण्याचे कारण नाही, पण या कादंबरीला 'भारतीय घटस्फोटाची कादंबरी' असे सरसकट लेबल लावताना ते विसरू नये.

५

या पुस्तकाच्या पुढील इतिहासात एक चमत्कारिक प्रकरण आहे. कादंबरीवर चित्रपट काढण्याचे हक्क लेखिकेने दिले आणि 'समय की धारा' या नावाने तो तयार झाला. कथेत आणि पात्रांत केलेले बदल पाहून त्या न्यायालयात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय आज ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यातील पायाभूत निर्णयांत गणला जातो. १९५७ च्या कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमानुसार हक्क विकल्यानंतरही कृतीचे विद्रूपीकरण रोखण्याचा लेखकाचा विशेष अधिकार शिल्लक राहतो, आणि माध्यमांतरासाठी आवश्यक तेवढे बदल मान्य असले तरी मूळ कृती ओळखू येऊ नये इतके ते असू शकत नाहीत, असे त्यात सांगितले गेले. उभयपक्षांत समझोता होऊन अखेर लेखिकेचे व कादंबरीचे नाव न लावता चित्रपट दाखविण्याचे ठरले.

कायद्याच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण स्वामित्वहक्काचे वाटेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात कादंबरीचाच विषय पुन्हा दिसेल. हक्क एकाचे, जन्म दुसऱ्याचा. विकल्यानंतर उरणारे नाते कोणते. आणि कृतीचे हित कोणी पाहायचे, हेच प्रश्न येथेही आहेत. न्यायालयाने या निर्णयात मालकी आणि नाते वेगळे केले. मुलांच्या बाबतीत हे वेगळेपण प्रस्थापित होण्यास त्याहून अधिक काळ लागला आहे.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे सहावे कलम अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून पित्याचे नाव घेते आणि 'त्याच्यानंतर' मातेचे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे तेच कलम सांगते. म्हणजे मूल मातेच्या मांडीवर आणि पालकत्व पित्याच्या नावावर, अशी ही विभागणी. त्याच कायद्याचे तेरावे कलम अज्ञानाचे हित हा सर्वोच्च विचार मानते. १९७३ साली रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, अशा आशयाचे प्रतिपादन केले. परंतु 'त्याच्यानंतर' हा शब्द तसाच राहिला. त्याला आव्हान देणारी एक याचिकाकर्ती स्वतः कादंबरीकार असावी, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे. इंग्रजी लेखिका गीता हरिहरन आणि त्यांचे पती यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांसाठी अर्ज केला. त्यावर मातेची पालक म्हणून केलेली सही स्वीकारली गेली नाही. या याचिकेबरोबर ऐकली गेलेली दुसरी याचिका घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या एका मातेची होती. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'मृत्यूनंतर' असा न घेता 'अनुपस्थितीत' असा घेतला, आणि अनुपस्थितीत पित्याची उदासीनता किंवा उभयतांची संमती यांचाही समावेश केला. कलम रद्द झाले नाही. एका अव्ययाचा अर्थ बदलला. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात मातापित्यांना समान पालकत्व देण्याची आणि संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली.

शब्दाच्या अर्थासाठी असे वर्षानुवर्षे झगडावे लागते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवीन नाही. 'आपका बंटी' या शीर्षकातही एक असाच शब्द आहे. मुलाने वडीलधाऱ्याला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी यावा असा हा मजकूर आहे: 'आपला, बंटी'. मायन्यात ज्याचे नाव असेल त्याचा तो. पण कादंबरीत मायना कोठेच नाही. आईला तो 'तुझा' म्हणत आला. वडिलांचा तो कागदोपत्री. डॉक्टरांच्या घरात तो शकुनचा. कलकत्त्याच्या घरात अजयचा. प्रत्येक घरात तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो. 'ताबा' हा शब्द धरणाऱ्याच्या बाजूचा आहे. 'आपला' हा शब्द स्वतःला देऊ करणाऱ्याच्या बाजूचा. मुलाचे हित म्हणून कायदा जे शोधतो आहे ते या दुसऱ्या शब्दात आहे, आणि तो कोणत्याही आदेशात लिहिता येत नाही.

'जन्मपत्री : बंटी की' या प्रास्ताविकात लेखिकेने पत्राच्या या रूपकाचा आधार घेऊन, ही कादंबरी वाचून वाचकाचे केवळ डोळे ओलावले तर हे पत्र योग्य पत्त्यावर पोहोचले नाही असे आपण समजू, अशी भूमिका मांडली आहे. 'धर्मयुग'च्या वाचकांपासून आजच्या विद्यार्थ्यांपर्यंत या पुस्तकाने पुष्कळांना रडविले, आणि रडून झाल्यावर त्यांनी शकुनला शिक्षा सुनावली. दया आणि निवाडा ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. दोहोंनी प्रश्न मिटतो. ही कादंबरी शिकविणाऱ्याने निवाड्याचा प्रश्न फळ्यावर लिहू नये. त्याऐवजी फूफी निघून जाते ते प्रकरण वर्गात वाचावे आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की त्या दिवशी त्या घरात कोणाकोणाला काय ठाऊक होते, आणि बंटीला काय ठाऊक आहे हे कोणाला ठाऊक होते.